नाव कुणाचे? जुन्नर-आंबेगावातील लहान धंद्यांच्या प्रसिद्धीची दोन हजार वर्षे

१/
जुन्नर शहराच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर पसरलेला आहे. त्याच्या भूतलिंग गटातील एका अपूर्ण चैत्यगृहाच्या कमानीत कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि तिच्या बाजूंस हत्ती दिसतात. त्याच दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक लहानशी ओळ आहे. तिचा अर्थ इतकाच, की हे गर्भद्वार यवन चंद याचे दान होय. चंद कोण होता, त्याचा व्यवसाय कोणता, तो जुन्नरला कशासाठी आला, यांपैकी काहीही ती ओळ सांगत नाही. पण अठरा शतकांहून अधिक काळ लोटल्यावरही त्याचे नाव वाचता येते.

२/
आज याच डोंगराच्या आसमंतात द्राक्षबागायतदार, पापड-मसाल्यांचे गृहउद्योग चालवणाऱ्या महिला, पर्यटकांची राहण्याची सोय करणारी कुटुंबे मोबाइलवर आपापले पान उघडतात. पानाच्या माथ्यावर नाव, गाव, तालुका आणि काय मिळते याची एक ओळ. अनोळखी गिऱ्हाइकाने दुरूनच विश्वास ठेवावा यासाठी लहान धंदेवाल्याने काय करावे, हा प्रश्न मात्र मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्याची निरनिराळी उत्तरे दोन हजार वर्षे दिली गेली. त्यांत एक गोष्ट वारंवार बदलत गेली : प्रसिद्धी होताना नाव नेमके कुणाचे झाले?

३/
आधी रस्ता पाहिला पाहिजे. कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरे, देशावर सातवाहनांची राजधानी पैठण. या दोहोंना जोडणारी वाट नाणेघाटाने सह्याद्री चढून जुन्नरच्या खोऱ्यात उतरत असे. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही पर्यटकांना दाखवला जातो. तसे सांगणारा एकही शब्द त्यावर कोरलेला नाही, हे येथे नोंदवून ठेवावे. पण बैलांच्या पाठीवर माल लादून येणाऱ्या तांड्यांची ती विसाव्याची जागा होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

४/
घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा प्रसिद्ध लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले, यांची लांबलचक यादी. मागच्या भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या; आज त्यांचे पाय आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशी जागा निवडून राजसत्तेने केलेली ही घोषणा होती. राजाला असे करणे सोपे असते. त्याच घाटातला दुसरा एक लेख मात्र अधिक बोलका वाटतो. सोपाऱ्याच्या गोविंददासाने तेथे पाण्याचे टाके दिले, एवढेच तो सांगतो. ना यज्ञ, ना घोडे. घाट चढून घामाघूम झालेल्या माणसाला पाणी, आणि त्या पाण्याशेजारी देणाऱ्याचे नाव व गाव.

५/
जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा हे त्यांचे प्रमुख गट. कर्नल साइक्स यांनी येथील लेखांच्या नकला १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. पुढे १८८१ मध्ये भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह छापला आणि या डोंगरांतील माणसे पुन्हा बोलू लागली.

६/
ही माणसे कोण होती? लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा सुलसदत. भरुकच्छ म्हणजे आजच्या भरूचहून आलेले बुधमित आणि बुधरखित हे दोघे भाऊ; त्यांनी दोन खोल्यांचे लेणे दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, तर चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानेही ४६व्या वर्षी टाके आणि मंडप दिला, पण तो राजपुरुष. बहुतेक दाते त्याच्यासारखे अधिकारी नव्हते. ते वाटेवरचे, बाजारातले लोक होते.

७/
एका लेखात दाता ही एक व्यक्तीच नाही. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, असे तो लेख म्हणतो. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील लोकांचा संघ. त्या काळच्या भाषेत ‘सतगभ’ आणि ‘पोढी’. लेणी पाहत हिंडणाऱ्यांना हे दोन्ही शब्द परिचयाचे असतील. धान्य कधीच संपले. कोणत्या पेठेत, कोणत्या भावाने ते विकले गेले, याचा मागमूस नाही. दुकानाची पाटी मात्र डोंगरावर शाबूत राहिली.

८/
पाटी हा शब्द येथे जरा जपूनच वापरायला हवा. ही दाने पुण्यासाठी होती. ‘देयधम’ हा शब्दच त्यांचा धार्मिक हेतू सांगतो. त्यांना सरळ जाहिरात म्हणणे हा आजच्या डोळ्यांनी केलेला उतावळेपणा ठरेल. परंतु पुण्य मिळवायला नाव कोरलेच पाहिजे असे नव्हते, आणि गाव किंवा धंदा कोरण्याची तर मुळीच गरज नव्हती. ते मुद्दाम कोरले गेले. लेण्यांत येणारे भिक्षू, यात्रिक आणि व्यापारी ते वाचणार किंवा दुसऱ्याकडून ऐकणार होते. कल्याणचा माणूस, भरुकच्छचे भाऊ, धान्यवाल्यांची श्रेणी : ओळखीचा हा साचा दूरच्या बाजारात उपयोगी पडत असणार, असा तर्क करता येतो.

९/
आता या साऱ्यांतला सर्वांत विलक्षण लेख. त्यात वेळूकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. टोपल्या विणणारे आणि काशाची भांडी घडवणारे लोक दुसऱ्यांच्या धर्मदायाची रक्कम सांभाळत आणि तिच्या उत्पन्नातून दानाचा खर्च चालवत. आज एखाद्या पतसंस्थेवर टाकावा तसा विश्वास बुरुडांच्या संघटनेवर टाकला जात होता.

१०/
अशी ठेव कशी चाले, याचे तपशील जुन्नरपेक्षा नाशिकच्या लेण्यांत अधिक स्पष्ट मिळतात. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च भागवायचा. लेखातला ‘पायुन’ हा शब्द म्हणजेच मराठीतला ‘पाऊण’. व्याजाच्या दरातून जन्मभर टिकलेला शब्द पाहायचा तर हा पाहावा.

११/
नाशिकच्या त्या लेखात पुढे आणखी एक गोष्ट आहे. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आला. फलक! दगडावर कोरण्यापूर्वी गावाच्या सभेत एक पाटी होती आणि कोणत्या श्रेणीकडे किती रक्कम आहे हे तिच्यावर लिहिले जात होते. तशीच पद्धत जुन्नरलाही असेल तर तेथील बुरुड-कासारांची पतही अशीच चारचौघांत वाचून दाखवली गेली असेल. लहान कारागिराला स्वतःच्या तोंडाने स्वतःची थोरवी सांगावी लागली नाही. ती तिसऱ्याने सांगितली आणि सभेने ऐकली.

१२/
जुन्नरच्याच एका लेखात आडुथुम नावाचा शक भेटतो. तो कोणाचिक श्रेणीचा उपासक. त्याने करंजाच्या झाडांसाठी वडालिकेतील २० निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी कटपुटक येथील ९ निवर्तने जमिनीची सोय केली. परदेशी मुळाचा माणूस, स्थानिक श्रेणी, दोन गावांची नावे आणि झाडे. आजच्या जुन्नरात सावलीचे झाड लावून त्यावर संस्थेची पाटी ठोकणारे अनेक भेटतील. हा त्यांचा फार जुना पूर्वज.

१३/
या साऱ्यात एक उणीव उरतेच. वेळूकारांची श्रेणी लेखात आहे, पण बांबू सोलणाऱ्या एकाही हाताचे नाव नाही. ज्या पाथरवटांनी ही अक्षरे आणि खोल्या कोरल्या त्यांचेही नाही. संघाने पत दिली, माणसाला मात्र स्वतःत सामावून घेतले. पुढच्या काळात हीच उणीव जुन्नरला फार महाग पडली.

१४/
मध्ये बारा-पंधरा शतके गेली. यादव गेले, बहमनी आणि निजामशाही आली; मलिक अंबरच्या काळात काही वर्षे जुन्नर ही निजामशाहीची राजधानीही होती. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. या काळात जुन्नरचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवणारी एक वस्तू येथे तयार होत होती, तिला फारसे गौरवगान लाभलेले नाही. ती वस्तू म्हणजे कागद.

१५/
मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ‘जुन्नरी’ आणि ‘दौलताबादी’ हे शब्द नवे नाहीत. कागद कुठे तयार झाला, त्यावरून त्याची जात ठरे. कारकून दुकानदाराकडे नुसता कागद मागत नसे, जुन्नरी मागत असे. ‘जुन्नरी’ या एका शब्दात घोट, जाडी, शाई झिरपेल की नाही, आणि भाव, हे सगळे आले. आज ज्याला ब्रँड म्हणतात तो याहून वेगळा नाही. फक्त त्याला मालक नव्हता.

१६/
हा कागद करणारे कागदी हे मुसलमान कारागीर. जुने गोणपाट, दोरखंड, चिंध्या बारीक तोडून भिजवायच्या, चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, ढेकीखाली कुटायच्या, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायच्या आणि पुन्हा कुटायच्या. तो लगदा हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलला की एक ताव तयार होई. ओले ताव भिंतीवर चिकटवून सुकवायचे, त्यांना खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. हे घोटणे नीट झाले तरच बोरू अडखळत नाही. हौदात दिवसभर हात बुडवून बसणारा माणूस आणि घोटता घोटता खांदे भरून येणारी त्याची घरची माणसे, अशी ही घराघरातली कारखानदारी होती.

१७/
पेशवाईत लेखनाचा व्याप प्रचंड वाढला. पत्रे, ताळेबंद, रोजकीर्द, सनदा, महजर. पुण्याच्या कसबा पेठेजवळचा कागदीपुरा जुन्नरहून आलेल्या कागद्यांनी वसवला असे सांगितले जाते. पुणे पुरालेखागारात आज कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास ज्या पानांवर उभा आहे त्यांतील कितीतरी पाने कुकडीच्या पाण्यात धुतलेली असणार.

१८/
आता युरोपकडे एक दृष्टिक्षेप टाकला की फरक उमगतो. इटलीतील फाब्रिआनोच्या कागदकारांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस जलचिन्हाची युक्ती वापरात आणली. चाळणीवर तारेची आकृती बसवायची. कागद उजेडात धरला की ती दिसते. त्यावरून कोणत्या गिरणीचा कागद हे कळे. जुन्नरी कागद उजेडात धरला तर चाळणीच्या काड्यांच्या रेषा दिसतात. नाव दिसत नाही. गिऱ्हाईक जुन्नरला ओळखत होते, जुन्नरच्या एकाही कागद्याला नाही.

१९/
एकोणिसाव्या शतकात विलायती यंत्रकागद स्वस्तात येऊ लागला. तुरुंगांत कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला. १८८०च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागद गिरणी उभी राहिली. इंग्रजी कचेऱ्यांना गुळगुळीत, एकसारखे, निबेला सोसणारे ताव हवे होते. जुन्नरचा कागद या स्पर्धेत मागे पडला याचे मुख्य कारण किंमत, हे खरेच. पण आणखी एक गोष्ट घडली नाही. जुन्नरी या नावासाठी भांडायला कोणीच उभे राहिले नाही. कारण ते नाव कोणा एकाचे, कोणा संघाचेही उरलेले नव्हते. धान्यवाल्यांच्या श्रेणीसारखी नोंद कागद्यांनी कुठे ठेवली नाही. साऱ्या महाराष्ट्राच्या नोंदी ज्यांच्या कागदावर झाल्या, त्यांची स्वतःची नोंद मात्र सापडत नाही.

२०/
१९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून, के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने. हातकागदाला नवे जीवन आणि नवे गिऱ्हाईक मिळाले, लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रे मिळाली. मात्र ‘जुन्नरी’ हा शब्द बाजारात परतला नाही. तो अभ्यासकांच्या टिपणांत राहिला.

२१/
विसाव्या शतकाच्या अखेरीस याच परिसरातून नामांकित माल बाहेर पडू लागला, पण त्यावर गावाचे नावच नसे. १९८०च्या दशकात नारायणगावच्या द्राक्षांपासून इंडेज कंपनीने फसफसणारी वाइन तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली आणि भारतात ‘मार्किज द पॉम्पाडूर’ या नावाने. एक फारसी कवी, एक फ्रेंच दरबारी स्त्री; मधल्यामध्ये मीना नदीकाठचे नारायणगाव गायब. १९९२ मध्ये आंबेगाव तालुक्यात मंचरला सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचे तूप ‘गोवर्धन’ या नावाने घराघरांत गेले. योगायोग असा, की उषवदाताच्या कोष्ट्यांचे गावही गोवर्धनच! अर्थात तुपाचे नाव श्रीकृष्णाच्या पर्वतावरून आले आहे, नाशिकच्या लेण्यावरून नव्हे.

२२/
यात त्या उद्योगांना दोष देण्याजोगे काही नाही. मोठ्या बाजारात जे नाव चालते ते घ्यावे लागते. पण गावाचे नाव टिकवणे किती अवघड असते हे आंबेगावाहून अधिक कोणाला ठाऊक असणार? मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याला नाव त्याचे, कचेरी घोडेगावी, मोठी बाजारपेठ मंचरला.

२३/
गाव आणि माणूस ही दोन्ही नावे एकत्र बांधून प्रसिद्ध करण्याची कला याच भागात एका उपेक्षित धंद्याने साधली. तो धंदा तमाशाचा. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड महाराष्ट्रभर गाजला आणि भाऊंची मुलगी विठाबाई त्याची सर्वांत मोठी कलावती ठरली. फडाच्या नावात माणसाचे नाव होते, गाव होते आणि ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले गेले तिचेही नाव उघडपणे होते. यात्रेतल्या फलकावर ते ठळक अक्षरांत झळके. ज्याला गावात मानाने बसता येत नव्हते त्याच्या नावापुढे ‘नारायणगावकर’ हे बिरुद लागले आणि हजारो लोक तिकीट काढून ते पाहायला आले.

२४/
या धंद्याची बाजारपेठही अजब आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात. बाहेर कलावंतांची चित्रे असलेले रंगीत फलक, आत टेबल, वही आणि तारखांचे गणित. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. चैत्रातल्या महत्त्वाच्या तिथीला भाव चढा, रिकाम्या दिवसाला उतरता. गुढीपाडवा हा या व्यवहाराचा मोठा दिवस. फलक गर्दी खेचतो हे खरे. पण सुपारी देताना कमिटीचा म्हातारा विचारतो ते वेगळेच : गेल्या वर्षी शेजारच्या गावात वग कसा झाला? शेजारच्या गावाचे उत्तर हीच या धंद्यातली निगमसभा.

२५/
नावामुळे पोट भरतेच असे नाही. विठाबाईंचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. आता राज्य शासन तमाशाक्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांना जो जीवनगौरव पुरस्कार देते, तो विठाबाईंच्याच नावाचा आहे. नाव जगले, नावाचे मोल मात्र ते धारण करणारीच्या हाती वेळेवर पडले नाही. कागद्यांची कथा एका टोकाची, ही दुसऱ्या टोकाची.

२६/
२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरातील टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. यात्रा रद्द झाल्या, ठरलेल्या सुपाऱ्या बुडाल्या, पुढचे वर्षही बहुतांशी तसेच गेले. तंबू, ट्रक, वाद्ये, कलावंत सगळे जागच्या जागी. प्रेक्षक उरला तो मोबाइलच्या पडद्यावर. तमाशाची चित्रफीत पाहणाऱ्याला तिकीट नसते, आणि पाहिलेल्या प्रत्येक घटकेचा हिशेब फडाच्या वहीत नव्हे, दूरच्या कंपनीच्या यंत्रात होतो. राहुटीवरचा फलक फडमालकाचा होता. या नव्या फलकाची भिंत दुसऱ्याची आहे.

२७/
२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. लेणी, किल्ले, अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर, द्राक्षांच्या बागा हे सारे आता समाजमाध्यमांवर दाखवले जाते. बागायतदार घडाजवळ उभा राहून स्वतःच बोलतो, बाग दाखवतो, भाव सांगतो. मधला दलाल त्याच्या चित्रफितीत नसतो. कागद्यांना ही सोय कधीच नव्हती. मात्र खाली अनोळखी माणसांनी लिहिलेले अभिप्राय असतात, आणि गिऱ्हाईक आधी तेच वाचते. स्वतःच्या तोंडच्या स्तुतीपेक्षा तिसऱ्याची साक्ष भारी, हा वेळूकारांच्या काळचा नियम येथेही मोडलेला नाही.

२८/
गावाच्या नावालाही आता कायद्याचा आधार आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. त्यानुसार नाव एका व्यापाऱ्याचे होत नाही. उत्पादकांची संस्था ते नोंदवते आणि त्या प्रदेशातला प्रत्येक उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव त्यात दाखल करू शकतो. श्रेणी आणि माणूस, दोन्ही एकाच नोंदीत. हापूस आंब्याला हे मानांकन २०१८ मध्ये मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातही हापूस पिकतो, पण त्या नोंदीत जुन्नर नाही. म्हणून येथील बागायतदार ‘शिवनेरी हापूस’ असे वेगळे नाव सांगू लागले आहेत.

२९/
आणि नाव सांगायची संधीच अजून न मिळालेले लोकही याच दोन तालुक्यांत आहेत. भीमाशंकर, आहुपे आणि जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. कोवळे फळ झाडावरून उतरवून उन्हात वाळवले की बाळहिरडा तयार होतो. पावसाळ्याआधी हातात रोख पैसे देणारे त्या भागातले हे एक महत्त्वाचे उत्पन्न. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याच्या झाडांची मोठी हानी झाली. भरपाईसाठी या कुटुंबांना पुढे अनेक वर्षे मोर्चे आणि आंदोलने करावी लागली.

३०/
वाळलेला हिरडा पोत्यात भरला जातो, व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो आणि घाटाबाहेर पडतो. पुढे बेहडा व आवळ्याबरोबर त्याचे त्रिफळा चूर्ण होते. त्या चूर्णाची डबी आज घरबसल्या मागवता येते. तिच्यावर ‘हरीतकी’ हे संस्कृत नाव, वनस्पतीचे लॅटिन नाव, कंपनीचा पत्ता, वजन, किंमत आणि वापराची मुदत छापलेली असते. आहुप्याचे नाव तिच्यावर नसते.